चार टाके आणि एक थाप

आपल्याला चेहरा आहे याची आठवण माणसाला दिवसातून एकदाच होते. ती दाढीच्या वेळी. माझं तरी गेली पंचवीस वर्षं असंच चाललं होतं. आरशासमोर उभं राहावं, फेसाखालून जो कोणी बाहेर येईल त्याला ओळख द्यावी आणि कॉलेजची वाट धरावी. तो गृहस्थ कसा दिसतो, ही चौकशी मी केव्हाच सोडून दिली होती. चाळिशी उलटलेल्या मराठीच्या प्राध्यापकाच्या रूपाबद्दल विद्यार्थ्यांनाही फारशी उत्सुकता नसते. त्यांची नजर त्याच्या डोक्यावरच्या घड्याळावर असते.

पण यंदा हरतालिकेच्या दिवशी ही सुखाची स्थिती संपुष्टात आली. त्याचं असं झालं. दुसऱ्या दिवशी गणपती यायचे होते आणि मोदकपात्र माळ्यावर होतं. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ते तिथे का असतं, हा प्रश्न विचारण्याची ही वेळ नव्हती. कारण ही सकाळपासून उपाशी होती. मी मुकाट्याने स्टुलावर चढलो. मखराचा सांगाडा बाजूला केला, जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सरकवला आणि मोदकपात्र ओढलं. मोदकपात्र हातात आलं. त्याचं झाकण मात्र आपल्या मार्गाने निघालं आणि वाटेत माझं कपाळ लागलं.

कपाळाची खोक लहान असली तरी रक्त मोठं येतं. तिथे रक्तवाहिन्या दाट असतात. याच कारणाने तिथली जखम भरूनही लवकर येते. पण हे ज्ञान मला नंतर झालं. त्या क्षणी मला फक्त डोळ्यांत उतरणारं रक्त दिसत होतं आणि सदरा फुकट गेला, एवढंच कळत होतं.

आमच्या इमारतीत बातमी पसरायला रेडिओ लागत नाही. पाच मिनिटांत शेजारच्या काकू कॉफीची पूड घेऊन हजर झाल्या. वरच्या मजल्यावरच्या नानांचा हळदीवर भर होता. तळमजल्यावरच्या एका तरुणाने टूथपेस्ट सुचवली. त्याचं दात आणि कपाळ यांत थोडं घोटाळत असावं. पण आमच्या घरात उपाशी माणसापुढे कोणाचं चालत नाही. हिने सगळ्यांना बाजूला केलं, धुतलेला पंचा घडी करून माझ्या कपाळावर दाबला आणि घड्याळाकडे बघत पुरी दहा मिनिटं हात काढला नाही. “मध्येमध्ये उचलून बघू नका हो,” असं तिने नानांना दोनदा सांगितलं. रक्त थांबलं. मग नळाच्या वाहत्या पाण्याने जखम धुतली, तेव्हा तिच्या कडा उघड्या पडलेल्या दिसल्या आणि आम्ही दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पहिला प्रश्न केला, “आत काही भरलं नाहीत ना?” आम्ही नाही म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. पुडीचे कण जखमेत अडकतात, ते धुऊन काढता काढता नाकी नऊ येतात. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या जखमेत डांबराची किंवा मातीची कणी राहून वर कातडी धरली, तर तिथे काळा ठिपका जन्मभर राहतो, असं त्यांनी सांगितलं. मग जागा बधिर करून चार टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पाचव्या दिवशी यायला बजावलं. “दहा दिवसांनी आलो तर?” मी विचारलं. आळस हा माझा जुना आजार आहे. त्या म्हणाल्या, “चेहऱ्यावरचे टाके जास्त दिवस ठेवले तर दोऱ्याचेच वण उठतात. शिडीसारखे.” आमचा गणपती पाच दिवसांचा. तो आणि माझे टाके एकाच दिवशी निघाले.

खरी कथा इथून पुढे सुरू होते. टाके निघाले आणि डाव्या भुवईच्या वर दोन बोटांवर तांबडी, किंचित फुगीर रेघ उरली. त्या दिवसापासून मी आरशाचा झालो. दाढीच्या वेळचा आरसा पुरेना. मी चमच्यात पाहू लागलो, बसच्या काचेत पाहू लागलो, दुसऱ्याच्या चष्म्यात पाहू लागलो. कन्येचं म्हणणं, “बाबा, तू आता जुन्या मराठी सिनेमातला इनामदार दिसतोस.” वर्गात मी पाठ वळवली की कुजबूज होते, ती माझ्या कपाळाबद्दलच असते असं वाटू लागलं. ज्या मुलांना मी वर्षभर शिकवूनही माझं आडनाव नीट लिहिता येत नाही, ती मुलं माझ्या कपाळाचा एवढा अभ्यास करतील हे संभवत नाही, एवढा साधा विचार मला सुचला नाही.

शेवटी निर्लज्जपणे पुन्हा दवाखाना गाठला. बाईंनी हसू दाबून समजावलं. पहिले सहा-आठ आठवडे वण लाल आणि जाडच दिसायचा. आतल्या आत शरीर धागे विणत असतं. आधी घाईघाईने, वेडेवाकडे विणतं, मग महिनोन्‌महिने ते उसवून नीट लावत बसतं. हे काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. म्हणून वणाचा निकाल वर्षाआधी लावू नये. खपली आली तर नखाने काढू नये. जखम कोरडी ठणठणीत ठेवण्यापेक्षा साधं पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवावं. ऊन लागलं की कोवळी कातडी काळवंडते, म्हणून टोपी घालावी, नाहीतर ऊन अडवणारं मलम लावावं. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकोनचं जेल काही महिने लावल्याने गुण येतो. वण जखमेच्या कडा सोडून बाहेर वाढू लागला, खाजू लागला, तर मात्र दाखवायला यावं. पण ती खोड कानाच्या पाळीला, छातीला आणि खांद्याला जास्त. आणि शेवटी त्या म्हणाल्या, “सर, तुमचं नशीब चांगलं. चेहऱ्यावर ज्या रेघांनी सुरकुत्या पडतात, त्यांच्या बाजूने जखम झाली की वण लपतो; आडवी छेदून गेली की उठून दिसतो. तुमची बरोबर आठीत बसली आहे. आठ्या घालायची सवय आहे ना?”

हिने माझ्या वतीने होकार दिला.

मराठीच्या माणसाला दुखणंसुद्धा शब्दकोशातून जातं. संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे जखम. त्याचाच झिजून मराठीत ‘वण’ झाला, आणि तो जखम भरल्यावर उरणाऱ्या खुणेला लागला. शब्दातला ‘र’ गेला आणि दुखणंही गेलं. खूण तेवढी राहिली. माणसाच्या वणाची काळजीही काही आजची नाही. सुश्रुतसंहितेत व्रणाचे साठ उपचार सांगितले आहेत. त्यांत जखम भरल्यावर पांढरा पडलेला वण काळसर करण्याचा, काळा पडलेला उजळ करण्याचा, इतकंच काय, तिथे पुन्हा केस उगवण्याचाही उपाय आहे. म्हणजे सुश्रुतापुढेही कोणी माझ्यासारखा चमच्यात तोंड पाहत बसला असला पाहिजे.

आणि मी ज्या पुण्यात चार टाक्यांचं कौतुक करीत बसलो आहे, त्या पुण्याजवळ कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाचं अख्खं नाक नवं झालं होतं. हा इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच वावरला. मग विटा करणाऱ्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून तिचं नाक घडवलं. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकिकत चित्रासह छापून आली, आणि ती वाचून पुढे १८१४ मध्ये लंडनच्या कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने तिकडे तसं पहिलं नाक केलं. त्या चित्रात कावसजीच्या कपाळावरचा वण स्पष्ट दिसतो. नाकाच्या बदल्यात त्याने तो आनंदाने घेतला असणार.

ही सारी विद्वत्ता मी फोनवर ताईला ऐकवत होतो. माझी ताई बेळगावला असते. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. फोनच्या पडद्यावर तिने माझं कपाळ नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “काही नाही रे, वर्षभरात दिसणारही नाही.” बोलता बोलता तिने सवयीने डाव्या गालावरची बट पुढे ओढली. ही सवय मी जन्मभर पाहत आलो आहे. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडातलं सुश्रुताचं नाव तिथेच अडकलं.

त्या बटेखाली वण आहे. इंचभर लांब, मध्ये रुंद, गालाच्या रेघा तिरप्या छेदून गेलेला. आमच्या घरात तो ‘ताई जिन्यावरून पडली तेव्हाचा’ म्हणून ओळखला जातो. ताई जिन्यावरून कधीच पडली नव्हती.

१९८९ च्या मे महिन्यातली गोष्ट. साताऱ्याच्या आमच्या वाड्याच्या अंगणात कुरडया वाळत होत्या आणि आईने बजावून ठेवलं होतं, “अंगणात विटी दिसली तर बंबात घालीन.” आई निजल्यावर मी विटी काढली. टोला असा बसला की तसा पुन्हा आयुष्यात बसला नाही. ताई कुरडया उलटायला वाकली होती. विटीचं टोक तिच्या गालात घुसलं. ती ओरडली नाही. गालावर हात दाबून तिने आधी माझ्या हातातला दांडू काढून घेतला आणि लाकडांच्या ढिगात टाकला. आई आली तेव्हा ती म्हणाली, “जिन्यावरून पडले. खरचटलंय नुसतं.”

खरचटलं तर हळद, हा आमच्या घरचा कायदा होता. जखम खोल होती. खरं कळलं असतं तर आईने तिला तसंच उचलून डॉक्टरकडे नेलं असतं, दोन टाके पडले असते आणि आज तिथे एक बारीक रेघ असती. तिसऱ्या दिवशी ती चिघळली. भरायला महिना गेला. मी आठ वर्षांचा होतो. मला मार चुकल्याचा आनंद झाला होता.

आठ वर्षांचं पोर गप्प राहिलं तर त्याला माफी आहे. पण पुढे ताईला बघायला मंडळी येऊ लागली, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. पोह्यांच्या बशा मीच नेत होतो. एका बाईंनी मान तिरपी करून विचारलं, “गालाला काय झालंय हो?” ताई म्हणाली, “लहानपणी पडले होते.” मी बशी त्यांच्या हातात दिली आणि आत गेलो. तिथून नकार आला. तो कशामुळे आला कोण जाणे. पण मला कारण माहीत आहे असं मला तेव्हाही वाटलं होतं. माझ्या आजोबांच्या तोंडावर देवीचे वण होते. त्यांच्याकडे कोणी मान तिरपी करून पाहिल्याचं घरात कुणाला आठवत नाही. देवीचा रोग या देशातून १९७५ मध्ये गेला. ती तिरपी मान काही गेली नाही.

“ताई,” मी फोनवर म्हणालो, “तुझ्या गालाबद्दल मी कधी विचारलंच नाही.”

ती जरा थांबली. मला वाटलं, आता म्हणेल, ‘अरे, माझ्या लक्षातही नसतं.’ मोठ्या बहिणी असंच म्हणतात. पण ती म्हणाली, “आता नसतं लक्षात. पण सोळा ते पंचवीस, रोज होतं. तू महिनाभर चमच्यात बघतोयस, त्यावरून कर हिशोब.” मग हसून म्हणाली, “दांडू मात्र चांगला होता रे. त्या रात्री बंबात गेला.”

मी विचारलं, “आईला सांगितलं असतं तर काय झालं असतं?”

“तुला दोन रट्टे बसले असते,” ती म्हणाली, “आणि मला दोन टाके.”

आई आता ऐंशीला आली आहे. ताई दारातून आत येताना उंबऱ्याशी ठेचकाळली की ती अजून म्हणते, “हिला पहिल्यापासून खाली बघून चालायची सवयच नाही.” पस्तीस वर्षं ताई हे ऐकून घेते आणि मी चहा ढवळतो.

भाऊबीजेला ताई यायची आहे. ओवाळताना तिचं बोट माझ्या भुवईवरच्या रेघेला लागेल, तेव्हा काय बोलायचं याची मी बरीच तयारी केली होती. पण आयत्या वेळी फराळाचं ताट पुढे आलं की माझी भाषा चकलीत अडकते, हा अनुभव आहे. म्हणून हा मार्ग धरला. हा दिवाळी अंक वसुबारसेच्या आत आमच्या घरी येतो आणि आई भिंग घेऊन सगळ्यात आधी माझं सदर वाचते.

आई, ताई जिन्यावरून पडली नव्हती. विटी माझी होती.