पाप, तारण आणि तेरचे गोरोबाकाका

आदामाच्या पतनामुळे मनुष्य जन्मतःच पापी आहे आणि ख्रिस्तावरील श्रद्धेनेच त्याला तारण व सार्वकालिक जीवन लाभते, असा ख्रिस्ती प्रचारकांचा संदेश असतो. तो सांगण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या २५व्या कलमाने त्यांना दिले आहे. त्याची चिकित्सा करण्याचे स्वातंत्र्य आपल्यालाही आहे. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद केला, तो याच अधिकाराने.

पाप आणि पश्चात्ताप आपल्याला अपरिचित आहेत काय? धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे संत गोरोबाकाकांची समाधी आहे. भजनात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायांखाली त्यांचेच मूल चिखलात तुडवले गेले, ही आख्यायिका घरोघरी ठाऊक आहे. याहून घोर अपराध कोणता? तरीही विठ्ठलाने त्यांना जवळ केले, मूलही परत दिले. त्या कृपेला पूर्वजांच्या पापाचा हिशेब लागला नाही.

मग करुणामय ईश्वर आदामाचा दोष तान्ह्या बाळावर कसा ठेवील? येशूचे नावही न ऐकलेले गोरोबाकाका सार्वकालिक जीवनाला मुकले काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) अशांसाठीही तारणाची शक्यता मान्य केली. तर मग धर्मांतराचा अट्टहास कशासाठी?

मात्र आपणही अंतर्मुख व्हावे. चोखोबांना पंढरीत मंदिराबाहेरच थांबावे लागले. ते पाप आदामाचे नव्हे, आपल्या समाजाचे आहे. आणि त्याचे प्रायश्चित्त आपल्या वतीने दुसरा कोणी घेणार नाही.