पोटदुखीच्या चिठ्ठीवर दोन आकडे हवेत

स्वादुपिंडाचा तीव्र दाह पहिल्या दिवशी आपले खरे रूप दाखवत नाही. वरच्या पोटात उठून पाठीपर्यंत जाणारी कळ, उलट्या, आणि रक्तातले लायपेज किंवा अमायलेज तिपटीहून वाढलेले, एवढ्यावर निदान होते. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे मात्र या विकरांच्या आकड्यांवरून कळत नाही. अमायलेज भरमसाट वाढलेला रुग्ण चार दिवसांत जेवून घरी जातो आणि बेताने वाढलेल्याची मूत्रपिंडे बंद पडतात. शंभरांतले ऐंशीच्या आसपास रुग्ण सलाइन, वेदनाशामक औषधे आणि लवकर सुरू केलेले अन्न एवढ्यावर सावरतात. उरलेल्यांपैकी काहींच्या ग्रंथीचा भाग मरतो, श्वास अपुरा पडतो. 2012च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार अवयवांचा बिघाड 48 तासांहून अधिक टिकला तरच आजार ‘गंभीर’ ठरतो. म्हणजे खात्री होते तेव्हा दोन दिवस गेलेले असतात. अतिदक्षता विभाग शेजारच्या मजल्यावर असेल तर हे चालून जाते. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत चालत नाही.

या दोन्ही तालुक्यांतला गंभीर रुग्ण म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा थेट बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, जातो. पेडणे तालुक्यातले तुयेचे इस्पितळ गोमेकॉशी जोडा, ही पेडणेकरांची मागणी याच अंतरातून आली आहे आणि ती रास्त आहे. पण इस्पितळ जोडले तरी कोणाला तिथेच ठेवायचे आणि कोणाला आजच 108 रुग्णवाहिकेत घालायचे, हा प्रश्न उरतोच. आणि हा आजार गोव्याला परका नाही: त्याची दोन मोठी कारणे पित्ताशयातले खडे आणि दारू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या सुमारे 37 टक्के पुरुषांनी दारू पीत असल्याचे सांगितले. देशाचा आकडा 19च्या आसपास आहे. (दोष एकट्या फेणीच्या माथी मारायचे कारण नाही, खड्यांना बाटली लागत नाही.) तेव्हा कोणाला हलवायचे या प्रश्नावर माझे म्हणणे एवढेच आहे की, दाहाचे दोन स्वस्त निर्देशक सामाजिक आरोग्य केंद्रातच ठरावीक वेळी मोजावेत आणि रेफर-चिठ्ठीवर लिहावेत.

पहिला रक्तपेशींच्या साध्या तपासणीतच (सीबीसी) दडलेला आहे. दाह भडकला की अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल पेशींचा लोंढा रक्तात येतो आणि शरीरावरच्या ताणामुळे लिम्फोसाइट घटतात. पहिल्याला दुसऱ्याने भागले की गुणोत्तर मिळते: 60 आणि 30 टक्के असतील तर 2, 84 आणि 7 असतील तर 12. त्याला वेगळा खर्च नाही, भागाकार तेवढा हवा. दुसरा सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. हे प्रथिन दाहाच्या संदेशावरून यकृत बनवते, त्यामुळे ते उशिरा चढते. 48 तासांनी ते लिटरमागे 150 मिलिग्रॅमच्या वर गेले, तर आजार वाईट वळण घेत असल्याची शंका बळावते. पहिल्या सहा तासांतला कमी सीआरपी पाहून निर्धास्त होणे ही मात्र घोडचूक. काही प्रयोगशाळा हा आकडा डेसिलिटरमागे देतात. तिथे 15 म्हणजेच 150. चिठ्ठीवर एकक लिहिले नाही तर दहापट घोटाळा होतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, गुणोत्तराची सीमा अभ्यासागणिक बदलते. कोणी पाचाच्या आसपास धरतो, कोणी दहाच्या वर. आक्षेप खरा आहे. शिवाय पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसही हेच आकडे फुगवतो आणि स्टिरॉइड घेणाऱ्याचे गुणोत्तर मुळातच बिघडलेले असते. म्हणूनच एका आकड्यावर निकाल देऊ नये. दाखल होताना, 24 तासांनी आणि 48 तासांनी तो कुठल्या दिशेने चालला आहे ते पाहावे. समजा, चाचणी शंभरांतल्या वीस गंभीर रुग्णांपैकी सोळा पकडते आणि ऐंशी सौम्य रुग्णांपैकी वीस जणांबद्दल उगाच घाबरवते. धोक्याचा शिक्का बसलेल्या 36 जणांत खरे गंभीर सोळाच. पण ‘धोका नाही’ म्हटलेल्या 64 जणांत चुकलेले फक्त चार. हे निर्देशक धीर देण्यात जितके पक्के, तितके भविष्य वर्तवण्यात नाहीत. त्या चौघांसाठी रक्तातला युरिया, वय, शुद्ध, श्वासाची गती आणि छातीतले पाणी पाहणारी बिसॅपसारखी गुणपद्धती सोबत हवीच. धाप लागलेल्या रुग्णाला तर कुठल्याही आकड्याची वाट न पाहता हलवावे.

दुसरा आक्षेप डॉक्टरच घेतात: या दाहावर नेमके औषध नाही, मग आधी कळून उपयोग काय? उपयोग देखरेखीचा आहे. पूर्वी सर्वांनाच सलाइन भरभरून देत. भारतासह चार देशांत झालेल्या ‘वॉटरफॉल’ चाचणीने 2022मध्ये ती समजूत मोडली: जोरात सलाइन दिलेल्या गटात सुमारे 20 टक्के रुग्णांच्या अंगात पाणी साचले, बेताने दिलेल्या गटात सुमारे 6 टक्के, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. सलाइन असे बेताने द्यायचे तर ज्याचा आकडा चढतो आहे त्याची लघवी आणि ऑक्सिजन तासातासाला मोजायला माणूस लागतो. तो गोमेकॉत आहे, आणि सौम्य रुग्णांनी तिथली खाट अडवली नाही तरच गंभीर रुग्णाला मिळेल. सगळ्यांनाच बांबोळीला पाठवा, हा सल्ला सावध वाटतो; प्रत्यक्षात तो गर्दी वाढवतो आणि डिचोलीच्या मजूर घराला आठवडाभराच्या खेपांत ओढतो.

आरोग्य संचालनालयाने यासाठी नवे यंत्र घेण्याची वाट पाहू नये. रेफर-चिठ्ठीवर गुणोत्तर आणि सीआरपी यांसाठी वेळेसह तीन-तीन रकाने छापावेत, सीआरपी जिथे होत नाही तिथला नमुना त्याच दिवशी म्हापशाला पाठवावा, आणि वर्षभराने पेडणे-डिचोलीच्या नोंदी गोमेकॉतल्या निकालांशी ताडून आपल्या रुग्णांसाठी सीमा कुठे आखायची ते ठरवावे.