पवईचा कटला आणि आमचा गळ

परवा चहाच्या टपरीवर एक ओळखीचे साहेब भेटले. डोक्यावर हॅट, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, खांद्याला रॉडची लांबलचक पिशवी. दर रविवारी पवईच्या तळ्यावर गळ टाकून बसतात. म्हणाले, "यंदा कटला बरा लागतोय. पण तुमच्या त्या वस्त्यांमधली पोरं रात्री जाळी टाकतात ना, त्यांना आवर घातला नाही तर पाच वर्षांत तळ्यात औषधाला मासा राहणार नाही."

चहाचे पैसे त्यांनीच दिले होते, म्हणून तिथं गप्प बसलो. इथं बसणार नाही.

दोस्तहो, तुम्ही म्हणाल, नोकऱ्या नाहीत, घरं पाडली जातायत आणि हा माशांवर काय लिहायला बसला? लिहिणार. तळ्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. महाडला 1927 साली चवदार तळ्यावर जे झालं ते काही नुसत्या तहानेसाठी झालं नाही. कुत्र्या-मांजरांनी प्यायलेलं चालत होतं, आपण ओंजळ भरली की विटाळ. नंतर त्याच तळ्यात सवर्णांनी शेण-गोमूत्राच्या 108 घागरी ओतून पाणी 'शुद्ध' करून घेतलं. ह्या घागरी लक्षात ठेवा, पुढं कामाला येतील.

पवईचं तळं देवानं दिलेलं नाही. इंग्रजांनी मुंबईच्या तहानेसाठी आधी विहार बांधलं, 1860 साली. मग तुळशी, 1879 साली. मग मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून पवई, 1891 साली. दगडाच्या पाट्या कुणाच्या डोक्यावर होत्या ते कुठल्या पाटीवर कोरलेलं नाही. तळं पिण्याच्या पाण्यासाठी बांधलं, पण ते पाणी पिण्यालायक राहिलं नाही. आज ते कारखान्यांना आणि आरे कॉलनीला जातं. दर पावसाळ्यात पेपरात बातमी येते, पवई भरून वाहू लागलं, 545 कोटी लिटर पाणी. त्याच बातमीत खाली बारीक टायपात असतं, की हे पाणी पिण्यायोग्य नाही. सांडव्यावरून उतरतं ते मिठीला मिळतं आणि खालच्या झोपड्यांच्या उंबऱ्याशी जातं.

1994 साली मी दहा वर्षांचा होतो. टेकडीवरच्या वस्तीत राहायचो. समोर टॉवर उठत होते आणि आई त्यांच्या स्लॅबवर घमेली वाहायची. माझा रॉड म्हणजे बांबूची काठी, नायलॉनची दोरी, दोन रुपयाचा गळ आणि तरंगायला थर्माकोलचा तुकडा. कणकेचा गोळा लावायचा, नाहीतर गांडूळ. लागायची ती चिलापी. तळहाताएवढी, काट्यांनी भरलेली. पाच-सहा झाल्या की आई लसूण-चिंच घालून रस्सा करायची, त्या रात्री घरात बोलणंच नसायचं, नुसतं जेवण.

एका सकाळी मागून खाकी कपड्यातला रखवालदार आला. कुणाचा होता ते विचारायची माझी टाप नव्हती. "कार्ड आहे का?" माझ्याकडं रेशनकार्डसुद्धा नव्हतं. त्यानं काठी गुडघ्यावर मोडली आणि पिशवीतल्या चार चिलाप्या स्वतःच्या डब्यात टाकल्या. पलीकडं एक साहेब खुर्ची टाकून बसला होता. त्यानं कटला ओढला, फोटो काढून घेतला आणि पाण्यात परत सोडला. टाळ्या पडल्या. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "आसू दे. आपुन खायला धरतो म्हणून चोर. त्येंनी खेळायला धरला म्हणून सायेब."

आईला शाळा माहीत नव्हती. पण अख्खा कायदा तिनं एका वाक्यात सांगितला.

आता त्या साहेबांच्या आरोपाकडं येऊ. जाळ्यांमुळं मासा संपतोय, असं ते म्हणतात. बघू या, पवईतला मासा येतो कुठून आणि मरतो कशानं.

कटला, रोहू, मृगळ ही पवईच्या पाण्यातली पैदास नव्हे. हे मोठ्या नद्यांचे मासे. पुराच्या वाहत्या पाण्याशिवाय ते अंडी घालत नाहीत. साचलेल्या तळ्यात वाढतील, वीस किलोच्याही वर जातील, पण तिथं त्यांचं बाळंतपण होत नाही. 1957 साली हिरालाल चौधरी ह्या शास्त्रज्ञानं माशाच्या डोक्यातल्या ग्रंथीचा अर्क टोचून मोठ्या देशी माशांना अंडी घालायला लावलं. तिथून पुढं हॅचरीत मत्स्यजिरे तयार व्हायला लागले आणि बोटुकली झाली की तळ्यात सोडायला लागले. म्हणजे पवईतला प्रत्येक कटला हा कुणीतरी कधीतरी सोडलेला मासा. त्याच्या संख्येचा हिशोब निसर्गाकडं नाही, सोडणाऱ्याच्या वहीत आहे. किती बोटुकली सोडली, किती जगली, किती किलोची झाली, हे कुणी वस्तीला कधी वाचून दाखवलंय? "कटला बरा लागतोय" ह्याचा अर्थ दोन-तीन वर्षांपूर्वी सोडलेलं बीज तगलं, एवढाच. ह्यात गळवाल्याची करामत थोडी, तगायला जागा मिळाली ती जास्त.

उलट चिलापी बघा. मूळची आफ्रिकेतली. 1952 साली ह्या देशात आणली, गरिबाला स्वस्त प्रथिन मिळेल म्हणून. तिला पूर लागत नाही, इंजेक्शन लागत नाही. मादी अंडी तोंडात धरून पिल्लं सांभाळते. दोन-तीन महिन्यांत वयात येते आणि वर्षातून अनेकदा विते. म्हणून तळं चिलापीनं भरतं, गर्दी होते, अन्न पुरत नाही आणि सगळ्या खुजा राहतात. हॅटवाले तिला कचरा मासा म्हणतात. त्यांचा गळ कणकेत मध, मसाले, तेलं मळून दिवसभर कटल्याची वाट बघतो आणि चारा चिलापी कुरतडून जाते, म्हणून त्यांचा राग. बाबांनो, त्या कचऱ्यावर आमची हाडं भरली आहेत.

मासा कशानं मरतो, हे आता कान उघडून ऐका.

तळ्याच्या काठावर टॉवर आहेत, हॉटेलं आहेत, संस्था आहेत, आमच्या वस्त्याही आहेत. सगळ्यांचं सांडपाणी नाल्यांनी तळ्यात येतं, दिवसाला कोटीहून अधिक लिटर. त्यात नत्र आणि स्फुरद. शेतकरी ज्याच्यासाठी खताच्या दुकानात रांग लावतो तेच. ते खाऊन शेवाळ माजतं आणि जलपर्णी माजते. जलपर्णी चांगल्या खुराकावर दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचा गालिचा पसरला की खाली ऊन जात नाही. पानं कुजतात, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. म्हणून पहाटे, उजाडायच्या आत, पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. पहिल्या पावसात नाल्यांचा वर्षभराचा गाळ एकदम उतरतो, वर आभाळ असतं, ऊन नसतं. त्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. आधी मरतो कटला, त्याला मोकळा प्राणवायू जास्त लागतो. मग रोहू. चिलापी बरीच तगते. आणि मरळ, मागूर? त्यांना हवेतून श्वास घेता येतो. गटारात जगायचं कसं हे त्यांनी शिकून घेतलंय. माझ्या गल्लीतली माणसं मला आठवतात, काय करू?

ह्याच हिशोबानं सांगतो, शौकिनांना हवा असेल तर पवईचा अंदाजही सांगतो. फुकट. पाणी असंच राहिलं तर कटला बीज सोडेल तेवढाच, तोही एखाद्या वाईट पहाटेपर्यंत. मृगळ तळाचं खातो, तळाला गाळ आणि कुजका वास, त्याची गत सांगायला नको. चिलापी भरपूर, आकारानं लहान. मरळ काठच्या गवतात. हवेतून श्वास घेणाऱ्यांचं राज्य वाढेल. विदेशी मागूर ह्या देशात 2000 साली बंदी घालूनही चोरून पाळला जातो. अशा मेलेल्या पाण्यांत तो शिरला की बाकीच्यांना खाऊन टाकतो. हा अंदाज आमच्या जाळ्यांनी बदलणार नाही आणि तुमच्या हॅटनंही नाही.

तरी आपल्या बाजूचं खरंही बोललं पाहिजे. रात्री जाळी पडतात, हे खोटं नाही. बारीक आसाचं जाळं बोटुकलीसुद्धा ओढून नेतं. ते टाकणारा पोरगा आपला असला तरी तो उद्याचा मासा आज विकतो, आणि बऱ्याचदा जाळ्यात पैसा घातलेला असतो बाजारातल्या व्यापाऱ्याचा. त्याला मी क्रांतिकारक म्हणणार नाही. आणि गळवाल्यांतले काहीजण खरंच तळ्यासाठी भांडतात, मेलेले मासे मोजतात, ओरडतात. त्यांना माझा सलाम. पण मग ओरडा पूर्ण करा ना! पोराच्या जाळ्यावर बोट ठेवताना त्याच हाताचं दुसरं बोट विसाव्या मजल्यावरच्या संडासाच्या पाइपाकडंही जाऊ द्या. तिथं बोट वळत नाही. तिथं मेव्हणा राहतो.

आणि त्या विसाव्या मजल्याचीही कथा ऐका. 1986 साली सरकारशी करार करून पवईची जमीन नाममात्र भाड्यानं दिली गेली. अट अशी, की मध्यम आणि गरीब माणसाला परवडतील अशी 40 आणि 80 चौरस मीटरची छोटी घरं बांधायची. उभं काय राहिलं ते आपण रोज बघतो. 2012 साली हायकोर्टाला सांगावं लागलं, की बाबांनो, आधी ती छोटी घरं बांधा. दुसरीकडं 6 जून 2024 रोजी पवईतल्या जय भीम नगरवर बुलडोझर गेला. पावसाळ्यात झोपड्या पाडू नयेत हा सरकारचाच नियम, तरी शेकडो कुटुंबं भर पावसाच्या तोंडावर फुटपाथवर आली. हायकोर्टानं त्या पाडकामाच्या चौकशीला विशेष तपास पथक नेमायला लावलं. म्हणजे मोठा पाइप कायम आणि छोटी झोपडी बेकायदा.

आता त्या 108 घागरी. महापालिका दर काही दिवसांनी तळं 'शुद्ध' करायला निघते. जलपर्णी काढायची मशीनं, ठेकेदार, उद्घाटनाचा नारळ. जलपर्णी काढतात, नाले तसेच. पुन्हा खुराक, पुन्हा जलपर्णी, पुन्हा टेंडर. जलपर्णी हा रोग नव्हेच, तो ताप आहे. अंगात पू ठेवून ताप उतरवायचा धंदा वर्षानुवर्षं चाललाय. मध्यंतरी तळ्याकाठी सायकल ट्रॅक निघाला होता. दगड-माती भरून काठ बुजवायचा आणि त्यावर साहेबांनी सायकल फिरवायची. 6 मे 2022 रोजी हायकोर्टानं तो बेकायदा ठरवला आणि केलेलं बांधकाम काढायला सांगितलं. माशांना अंडी घालायला, पिल्लांना लपायला काठचं उथळ पाणी लागतं, हे सायकलवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मरळीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

मग मागायचं काय? नुसत्या शिव्या देऊन अंक भरत नाही.

एक, नाले तळ्यात पडायच्या आधी अडवा आणि पाणी शुद्ध करा, टॉवरचे आधी, वस्तीचेही. आमच्या संडासाचं पाणीसुद्धा तळ्यात नको. पण त्यासाठी वस्तीला गटार द्या, बुलडोझर नको. दुसरं, बीज किती सोडलं, कोणतं सोडलं, कुणाच्या पैशानं, हा हिशोब बांधावर फळ्यावर लिहा. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे, अर्जाला दहा रुपये लागतात, कार्ड लागत नाही. आणि भोवतालच्या पाड्यांतल्या आदिवासींना, वस्तीतल्या माणसांना गळाचा परवाना द्या, नाममात्र पैशात. गळानं तळं संपत नाही, माणूस गळ टाकून एका वेळी एकच मासा ओढतो. बारीक आसाच्या जाळ्याला बंदी घाला, आम्ही स्वतः पहारा देऊ.

ह्यात एक गोष्ट मला टोचते, ती लपवत नाही. हा लढा आपण जिंकलो, गळ टाकायला मिळाला, तरी ती चिलापी मी माझ्या पोरीला खायला देईन का? आज देणार नाही. माझ्या आईनं दिली ती, कारण तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं आणि भूक होती. आज माहीत आहे, पण भूक गेलेली नाही. पाड्यावर अजूनही तोच मासा शिजतो. म्हणून आधी पाणी. साहेबांच्या फोटोसाठी नव्हे, त्या पातेल्यासाठी.

येत्या रविवारी आम्ही काहीजण तळ्याच्या बांधावर जमतोय. येताना आपापल्या बाजूच्या नाल्याचं पाणी एका धुतलेल्या काचेच्या बाटलीत भरून आणा. बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा. तळ्याचं पाणी मात्र काठावरच तपासायचं आहे, सहाच्या आत, उजाडायच्या आधी. उशिरा उठणाऱ्यांनी रात्रीच माझ्याकडं झोपायला यावं, चटई आहे.