पडदा हलतो, पण दोष कुणाचा?

घरातले यंत्र बिघडले की आपण पहिला दोष यंत्रालाच देतो. दुकानदारही तेच सांगतो, कारण त्याला नवे विकायचे असते. पण यंत्र बिचारे निर्दोष असते, असेही घडते. त्याचीच ही हकीकत.

बीड तालुक्यातील लिंबागणेशला माझी मावशी राहते. २०१७ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो. उंबऱ्यात जयभीम झाला न झाला तोच ती म्हणाली, "आलास का बाबा? पाणी मागून पी, आधी त्या कॉम्प्युटरकडं बघ. पोरीचे डोळे चाललेत."

माझी धाकटी मावसबहीण तेव्हा टायपिंगची तयारी करीत होती. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा, मराठी, मिनिटाला ३० शब्द. क्लासमधला एक तास पुरत नाही म्हणून मावशीने कापूस वेचणीच्या पैशातून एक जुना संगणक घेतला होता. मॉनिटर १४ इंची, मागे डेरेदार पोट असलेला. त्यावरची अक्षरे पाण्यातल्या सावलीसारखी डुलत. अर्ध्या तासात पोरीचे कपाळ ठणकायचे. ती डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसायची आणि पुन्हा टाईप करायची.

मावशीने तो मॉनिटर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एस.टी.ने बीडला नेला होता. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या खेपेला दुकानात चित्र अगदी स्थिर! तरी त्याने काहीतरी बदलले म्हणून ७०० रुपये घेतले. घरी आणला, पुन्हा डुलायला लागला. दुसऱ्या खेपेला निदान झाले, "ट्यूब गेली, टाकून द्या, नवा घ्या."

दुकानात स्थिर आणि घरात अस्थिर! इथेच खरे तर उत्तर होते. मॉनिटर दोन्हीकडे तोच, म्हणजे दोष घरात शोधायला हवा. मी टेबलाकडे पाहिले. मॉनिटरला अगदी खेटून पत्र्याचा मोठा स्टॅबिलायझर गुरगुरत बसला होता. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडते, म्हणून मावशीने तो जपून घेतलेला. तो बीडला कधी गेलाच नव्हता.

मी तो उचलून वायर पुरेल तितका लांब, खाटेखाली सरकवला. सहा-सात फूट अंतर झाले. अक्षरे जागच्या जागी उभी राहिली. मावसबहीण काही बोलली नाही, खुर्ची ओढून टाईप करायला बसली.

मावशी मात्र सोडणारी नव्हे. "आरं, डब्बा इथं, पडदा तिथं. हात न लावता हलवतो कसा?"

प्रश्न रास्त होता. काचेच्या नळीत मागून इलेक्ट्रॉनांचा झोत येतो आणि पडद्यावर ओळीमागून ओळ काढतो. त्याला वळवायला नळीच्या मानेवर तारेची वेटोळी असतात, म्हणजे चुंबकच. स्टॅबिलायझरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्याभोवतीही चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते विजेबरोबर सेकंदाला ५० आवर्तने करते. झोत त्यानेही वाकतो. मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे काढत असेल तर प्रत्येक चित्र निराळ्या ठिकाणी वाकते. ६० मधून ५० गेले, उरले १०. सेकंदाला दहा हेलकावे.

"मग टीव्ही का हलत न्हाई?" ही आणखी शहाणी शंका. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन १९८२ मध्ये आले ते पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० क्षेत्रे दाखवणारे. तिथे विजेचा आणि चित्राचा ताल जवळजवळ जुळतो. जुन्या टीव्हीचे चित्र वाकले तरी एकाच जागी वाकून राहते, डोळ्याला डुलणे जाणवत नाही.

खात्री करण्याचा एक सोपा उपाय आहे. संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये चित्रांचा वेग ६० वरून ७५ करून पाहावा, अर्थात मॉनिटरला तो झेपत असेल तरच. पडदा काळा झाला तर काही दाबू नये, विंडोज थोड्या वेळात आपोआप मागे येते. वेग बदलताच डुलण्याची चाल बदलली, तर बाहेरचे चुंबक हेच कारण समजावे. मग आजूबाजूला स्पीकर, इन्व्हर्टर, ट्यूबलाईटची जुनी चोक, भिंतीपलीकडची मोटार, सारे तपासावे.

चित्र डुलत नसून आक्रसते आणि फुगते, तर तो व्होल्टेजचा किंवा आतल्या सुकलेल्या कॅपॅसिटरचा खेळ. मावशीकडे शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की चित्र क्षणभर आकसायचे. ते मी तसेच सोडले. पडदा मधूनच पिवळा किंवा निळा पडत असेल तर पंधरा पिनांची केबल आधी घट्ट बसवावी, वाकडी पीन पाहावी. कोपऱ्यात रंगाचा डाग असेल तर 'डिगॉस'चे बटण दाबावे.

पण मागचे झाकण कुणीही उघडू नये. रंगीत नळीवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो आत साठून राहू शकतो. आमच्या ओळखीतले एक उत्साही गृहस्थ त्या पायी भिंतीवर जाऊन आदळले होते. वाचले, एवढेच. नळी खरोखरच मेली तरी ती पोरांना फोडू देऊ नये. आत निर्वात पोकळी असते, काच स्फोटासारखी उडते, शिवाय तिच्यात शिसे असते. ई-कचरा घेणाऱ्या मान्यताप्राप्त केंद्राकडेच ती द्यावी.

असे जुने मॉनिटर अजूनही कुणाच्या घरात, कुठल्या वाचनालयात चालू असतील. तक्रार कळवताना तीन गोष्टी अवश्य लिहाव्यात: चित्र डुलते की आक्रसते, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि टेबलावर व भिंतीपलीकडे आणखी काय काय चालू असते.