पडू द्या की विमान!

आमच्या नांदेडच्या शाळेतल्या आठवीच्या एका पोराने थर्माकोलचे विमान केले, त्यात रेडिओवर चालणारे यंत्र बसवले आणि सोयाबीन काढलेल्या रानात ते उडवले. सहा सेकंदांत ते ढेकळांत नाक खुपसून पडले. आम्ही चौघे मास्तर पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

त्याचे चुकले ते प्रत्येक नवशिक्याचे चुकते. विमान खाली येतेसे वाटले, की माणूस घाबरून दांडी मागे ओढतो. नाक वर जाते, वेग मरतो, पंखाचा आधार सुटतो आणि विमान दगडासारखे कोसळते. खरा उपाय भीतीच्या उलट आहे: नाक जरा खाली घालावे, वेग येऊ द्यावा. हे मी फळ्यावर दहादा लिहीन, पण बोटांना फळा वाचता येत नाही! शिवाय विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते. शेपूट जड झाले तर ते कुणाच्या बापाला आवरत नाही. हे सारे पडून, जोडून, पुन्हा पडूनच कळते.

पुढे पोरगा अकरावीला लातूरला गेला आणि विमान माळ्यावर. वडील मला म्हणाले, “विमान उडवून मार्क पडतेत का, गुरुजी?” लातूर पॅटर्नला मी नावे ठेवणार नाही. गरिबांची कितीतरी लेकरे त्याने डॉक्टर केली, आणि सराव हाच त्याचाही देव आहे. पण तिथे चुकीला गुण वजा होतो, म्हणून पोर चूक लपवायला शिकते. विमानाची चूक लपत नाही. ती ढेकळांत पडलेली साऱ्यांना दिसते.

राईट बंधूंनी १९०० ते १९०२ अशी तीन वर्षे बिनइंजिनाची विमाने वाळूवर उतरवली. १९०१ चे फसले, तेव्हा घरी जाऊन पंख वाऱ्याच्या पेटीत तपासले. १९०३ चे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे, १२० फुटांचे! आमच्या शाळेत असते तर त्यांनाही आम्ही हसलो असतो.

आणि हेच आम्ही स्नेहसंमेलनात १८९५ ची चौपाटी आणि शिवकर बापूजी तळपदे यांच्या नावाने टाळ्या घेतो. तळपद्यांची हौस थोर होती. पण ते विमान उडाल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला देतात, त्यातली विमाने उडणे शक्य नाही, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवले. कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव मात्र आमच्या भाषणांत येत नाहीत. त्यांचे आधीचे प्रयत्न फसले होते ना!

शाळांनी तयार ड्रोन आणून कपाटात ठेवण्याऐवजी चार थर्माकोलची शीटे आणावीत आणि वर्षअखेर ती मोडली म्हणून बेलाशक नुकसानीत लिहावीत. मोडली नसतील, तर मात्र मास्तरांना जाब विचारावा.

गेल्या संक्रांतीला पोरगा घरी आला. विमान माळ्यावरून काढून आम्ही गावाबाहेर, विमानतळापासून दूरच्या माळावर गेलो. त्याने ते वर नेले आणि ट्रान्समीटर माझ्या हातात दिला. विमान जरासे कलले, अन् मी दांडी मागेच ओढली!

पोरगा हसला नाही. त्याने खिशातून चिकटपट्टी काढली.