आधी टाचा बघा

वृद्धाश्रम बघायला गेलं की आधी बाग दाखवतात. मग देवघर, टीव्हीचा हॉल, आठवड्याचा मेनू लिहिलेला फळा आणि भिंतीवरचे फोटो: कोजागरी, हळदीकुंकू, आजी-आजोबांना राख्या बांधणारी शाळेतली मुलं. आत्याला पुण्याजवळच्या एका संस्थेत ठेवायचं ठरलं तेव्हा मीही हे सगळं पाऊण तास हिंडून बघितलं आणि डिपॉझिटचा चेक देऊन आले. अंथरुणाला खिळलेली माणसं वरच्या मजल्यावर होती. तिथे मला कुणी नेलं नाही, आणि मीही 'न्या' म्हटलं नाही.

सात आठवड्यांनी आत्याची चादर सारखी करायला गेले तेव्हा वास आला. माकडहाडावर खोल, काळ्या कडांची जखम. डाव्या टाचेला काळानिळा फोड. व्यवस्थापक म्हणाले, "वय झालंय हो त्यांचं, या वयात असं होतंच." साफ खोटं. बेडसोअर वयामुळे होत नाही. हाडावरच्या कातडीवर तासन्‌तास तोच भार पडतो, तिथलं रक्त अडतं, त्यात खालचं ओलं कुणी बदलत नाही, तेव्हा तो होतो. वेळेवर कूस बदलली, अंग कोरडं ठेवलं, पोटात पुरेसं अन्न गेलं, तर यातल्या बहुतेक जखमा टळतात. मी रजिस्टर मागितलं. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या खुणा होत्या, दिवसाच्या आणि रात्रीच्या, महिनाभराच्या सगळ्या एकाच पेनाने आणि एकाच हाताने केलेल्या.

खरं काय ते मला रात्रपाळीच्या मावशींनी सांगितलं, जिन्यात, हळू आवाजात. "ताई, मजल्यावर मी एकटी. २२ पेशंट. त्यातले १४ स्वतःहून वळू शकत नाहीत." आता हिशेब करा. एकेकाला वळवायला आणि ओलं बदलायला दहा मिनिटं धरली तरी एक फेरी १४० मिनिटांची होते, आणि ती १२० मिनिटांत संपायला हवी. पाणी पाजणं, कुणाचा ठसका, कुणाचं पडणं यात धरलेलंच नाही. म्हणजे आत्याची पाठ सडणार हे माणसं नेमली त्याच दिवशी ठरलं होतं. आणि चिडून नातेवाईक ओरडतात कुणावर? त्याच मावशींवर.

माझा राग मात्र संस्थाचालकांवर थांबत नाही. तो आपल्यावर आहे. वृद्धाश्रम म्हटलं की आपल्याकडे एकच वाद रंगतो: मुलं कृतघ्न झाली, संस्कार गेले. भाषणं झडतात, डोळे पुसले जातात. आई तिथे का गेली यावर आपण पोटतिडकीने बोलतो आणि तिथे तिचं रात्री काय होतं हे विचारत नाही. या लाजेवरच निकृष्ट संस्था पोसल्या जातात. ज्या मुलाला आपण आईला 'टाकलं' असं वाटतं तो तक्रार करत नाही. त्याला भीती असते, ते म्हणतील, मग घेऊन जा घरी.

सरकारने तरी काय केलं? ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा म्हणतो, राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम काढू शकेल. 'शकेल'. खासगी वृद्धनिवासांनाही नोंदणी आणि किमान मानकं लागू करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं. ते स्थायी समितीकडे गेलं, मंजूर झालंच नाही, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर विधेयकही संपलं. इंग्लंडमध्ये केअर होमला तपासणीनंतर मिळालेली श्रेणी लोकांना दिसेल अशी लावावी लागते. इथे दारात लावलेली असते ती उद्घाटनाची कोनशिला.

म्हणून जाल तेव्हा रविवारी अकराला जाऊ नका. रात्री साडेनऊला जा आणि मजल्यावर किती माणसं कामाला आहेत ते मोजा. पाण्याचा पेला हाताला लागेल असा आहे का ते पाहा. म्हातारपणी तहान मंदावते, कुणी पाजलं नाही तर माणूस मागतही नाही. वजनाची वही मागा. महिन्यात पाच टक्के वजन घटणं ही धोक्याची खूण आहे, आणि वहीच नसेल तर तेही उत्तरच. संध्याकाळी साडेसहाला जेवण उरकून सकाळी आठला चहा देत असतील तर मधल्या साडेतेरा तासांचं विचारा. भर सकाळी सगळा मजला झोपलेला दिसला तर गोळ्यांची यादी डॉक्टरला दाखवा. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला गप्प ठेवायला ज्या मनोविकाराच्या गोळ्या देतात, त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. आणि चादर उचला. टाचा बघा, माकडहाड बघा, खुबे बघा. नको म्हणाले तर तिथून उठा.

आत्याला आम्ही हलवलं. जखम भरायला पाच महिने लागले. ड्रेसिंगच्या वेळी ती माझा हात घट्ट धरून ठेवायची. तू पहिल्या दिवशी वर येऊन का बघितलं नाहीस, हे तिने मला एकदाही विचारलं नाही.