पुठ्ठ्याचे घर

मेजावर चिमुकल्या पलटणी मांडून युद्ध खेळावयाचे झाल्यास शिपाई खुशाल विकत आणावेत; घरे मात्र स्वहस्ते करावीत, असे आमचे मत आहे. ७२ इंचांस १ इंच हे प्रमाण धरले, की ६ फुटी माणूस १ इंचाचा व १२ फुटी भिंत २ इंचांची होते. हा हिशेब पुठ्ठा कापताना जितका ठसतो, तितका फळ्यावरून ठसत नाही.

या खेळाचे नियम सांगणाऱ्या ‘लिट्ल वॉर्स’ या १९१३ सालच्या पुस्तकात एच. जी. वेल्स यांनी खऱ्या युद्धाचा निषेधच केला आहे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. ज्याने एक खिडकी कोरण्यात सारी संध्याकाळ वेचली, त्याला घर पाडणे सोपे वाटणार नाही, अशी आमची श्रद्धा आहे.